बैलजोडी की स्टेपनी?

आउटर रिंग रोडवरची वर्दळ मागं टाकून मुनिरका गावात शिरलं, की दहा-पंधरा पावलांत आभाळ अरुंद होतं. समोरासमोरच्या बाल्कन्या एकमेकींना टेकतील इतक्या जवळ, वर केबलींचं जाळं, खाली हँडलला हँडल लावून उभ्या स्कूटर. टोकस जाटांचं हे मूळ गाव. आता त्याच्या चार-पाच मजली घरांत जेएनयूचे विद्यार्थी, ईशान्येकडची मुलं, स्पर्धा परीक्षावाले आणि रात्री लोकांच्या दारात जेवण पोचवणारे राइडर राहतात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अशाच एका घराच्या जिन्याखाली लातूरकडचा एक तरुण स्कूटरची सीट उचलून बसला होता. शेजारी वर्तमानपत्रावर दुसरी बॅटरी: निळ्या प्लास्टिकच्या वेष्टणात घट्ट बसवलेली, पाट्यावरच्या वरवंट्याएवढी जड आणि विटेपेक्षा थोडी मोठी. तिच्यातून निघालेल्या लाल-काळ्या वायरींच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. दुधाची पिशवी घेऊन डीडीए फ्लॅट्सकडे निघालेले भुसावळचे काका तिथं थबकले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आता मुलाकडे राहणारे. मराठी कानावर पडावं म्हणून या गल्लीतून जाणारे.

"हिचं पोट का फाडलंस?"

"फाडलं नाही काका, दुसरं पोट लावायलोय."

त्या उत्तरावर काकांनी दुधाची पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि पुढचा तास दोघांचा वाद चालला.

तरुणाचं म्हणणं सरळ होतं. दिवसा अभ्यास, संध्याकाळी सहा ते रात्री एक डिलिव्हरी. स्कूटर २५ च्या वेगाची, म्हणजे मोटार पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. असल्या गाडीला नंबरप्लेट लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. बॅटरी ४८ व्होल्टची, २४ अँपिअर-अवरची. दोन आकड्यांचा गुणाकार केला की ११५२ वॉट-अवर. ही तिची शिदोरी. माणूस, पाठीवरची पेटी, दर चौकात थांबणं आणि पुन्हा निघणं धरलं तर किलोमीटरला २० ते २५ वॉट-अवर जातात. कागदावर काहीही छापलेलं असो, हातात पडतात ४५ ते ५० किलोमीटर. त्याची रात्र मात्र ७०-८० किलोमीटरची.

"साडेदहाला ऑर्डरी जोरात असतात आणि तेव्हाच माझी गाडी धापा टाकते," तो म्हणाला. "वसंत कुंजची ऑर्डर आली की पोटात गोळा येतो. नेल्सन मंडेला मार्गाच्या चढाला मीटरवर दोन कांड्या असतात, अर्ध्यात एक होते, वर मॉलपाशी थांबलं की परत दोन. खरं काय ते कळतच नाही."

"दोन्ही खरं," काका म्हणाले. मीटर बॅटरीतली शिल्लक मोजत नाही, व्होल्टेज पाहून अंदाज बांधतो. चढावर मोटार जास्त करंट ओढते, तो बॅटरी पॅकच्या आतल्या रोधातून वाहताना व्होल्टेज खाली बसतं. भार गेला की ते परत वर येतं. थंडीत हा रोध वाढतो, म्हणून दिल्लीच्या जानेवारीत तीच गाडी तेवढ्याच चार्जवर चार-पाच किलोमीटर आधी बसते. अरवलीच्या कडेवर वसलेल्या या भागात चढ टाळून जाता येत नाही.

"म्हणून दुसरी जुंपणार," तरुण म्हणाला.

या 'जुंपणार' शब्दानं काकांना धागा मिळाला. शेतकऱ्याच्या पोराला त्यांनी विचारलं, गोऱ्हा आणि म्हातारा बैल एका जुवाला लावतोस का? जोडी जुंपायची तर खांद्याला खांदा सारखा हवा. बॅटरीचं तसंच. गाडीतली बॅटरी दोन वर्षं वापरलेली. ही दुसरी कुठली?

लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमधली. वापरलेली, पण दुकानदाराच्या शब्दांत 'एकदम फ्रेश'. आणि जोडणी गल्लीतला मेकॅनिक करणार होता. त्याची पद्धत त्यानं एका दमात सांगून टाकली होती: "पॅरलल मार देंगे भैया, लाल में लाल, काले में काला."

काळ्यात लाल गेलं नाही एवढंच त्यातलं समाधान. दोन पॅक एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर ४८ चे ९६ व्होल्ट होतात आणि साधारण ६३ व्होल्टपर्यंत टिकणारे कंट्रोलरमधले कपॅसिटर क्षणात उडतात. शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडले तर व्होल्टेज तेवढंच राहतं आणि अँपिअर-अवरची बेरीज होते. अंतर वाढवायचं असेल तर जोडणी हीच. काकांची हरकत जोडणीच्या प्रकाराला नव्हती, जोडायच्या क्षणाला होती.

त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. तेरा सेलांचा पॅक पूर्ण भरला की ५४.६ व्होल्ट दाखवतो, कारण एक सेल ४.२ व्होल्टला भरतो. समजा दुसरा पॅक उतरलेला आहे, ४६ व्होल्टवर. फरक ८.६ व्होल्टचा. दोन्ही पॅक आणि वायरी मिळून रोध ०.१५ ओहम धरला, तर लालला लाल लागताच सत्तावन्न अँपिअर करंट एकातून दुसऱ्यात धावतो. स्कूटरचा चार्जर देतो पाच. "पाचाच्या तोंडात सत्तावन्न कोंबलेस तर काय होईल? बॅटरीवर पहारा ठेवणारा बीएमएस चांगला असेल तर बंद पडेल. स्वस्तातला असेल तर त्याचे मॉस्फेट, म्हणजे करंट तोडणारे स्विच, जळतील आणि पुढं सेल उघडे पडतील."

"पण दोन्ही भरून घेतल्यावर जोडली तर?" तरुण म्हणाला. "फरकच राहत नाही ना."

हा मुद्दा बरोबर होता आणि काकांनी तो मान्य केला. दोन्ही पॅक भरून, मल्टिमीटरवर दशांश व्होल्टपर्यंत जुळवून जोडले तर ठिणगीसुद्धा उडत नाही. मग तरुणानं आपली बाजू आणखी रेटली, आणि इथं त्याची बाजू खरोखर बळकट होती. एका पॅकमधून १६ अँपिअर जाताना, आतला रोध ०.१ ओहम असेल तर साडेपंचवीस वॉटची उष्णता पॅकच्या पोटात तयार होते. दोन सारख्या पॅकनी भार वाटून घेतला तर प्रत्येकातून आठच अँपिअर जातात, प्रत्येकी साडेसहाच्या आत, दोन्ही मिळून तेरा वॉट. उष्णता निम्मी. व्होल्टेज बसणंही निम्मं, म्हणजे नेल्सन मंडेला मार्गावर दोनाची एक कांडी होणार नाही. शिवाय रोज तळापर्यंत खरवडण्याऐवजी दोन्ही पॅक अर्धे वापरले तर दोघांचं आयुष्य वाढतं. वाढीव वजन आठ-नऊ किलो; गाडी, माणूस आणि पेटी मिळून दीडशे किलोच्या आसपास असताना त्यानं अंतर थोडंच घटतं.

"आणि बैलांचं म्हणाल," तो पुढं म्हणाला, "तर आमचे बाबा अशी जोडी जुंपतात की. जुवाचा मधला दोर तगड्या बैलाकडं सरकवतात. कमजोराला लांब दांडी मिळते, ओढ कमी येते. बॅटरीत तर दोर सरकवायचीही गरज नाही. ज्या पॅकचा रोध कमी, तो आपोआप जास्त करंट देतो."

काका हसले. उपमा त्यांचीच होती आणि आता ती उलटली होती. पण त्यांच्याकडे तिचा पुढचा भाग होता. बैल संध्याकाळी सोडता येतात, गव्हाणीला वेगवेगळे बांधता येतात. पॅरलल जोडलेले पॅक गाडी उभी असतानाही जोडलेलेच असतात. जुना पॅक आतून झिजत असेल, त्यातला एखादा सेल चार्ज धरत नसेल, तर नवा पॅक रात्रभर त्याच्यात ओतत राहतो. रेल्वेच्या सिग्नलला ११० व्होल्टसाठी दोन-दोन व्होल्टच्या पंचावन्न सेलांची रांग असते. तिथं काकांचा नियम ठरलेला होता: जुन्या रांगेत नवा सेल सहज म्हणून टाकायचा नाही. एक कच्चा सेल बाकीच्यांना आपल्या पातळीवर आणतो.

मग त्यांनी चष्मा सावरून निळ्या पॅकवरचं लेबल वाचलं आणि थांबले.

गाडीतला पॅक आणि हा पॅक, दोन्हींवर '४८ व्होल्ट' छापलं होतं. पण गाडीतला होता निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, तेरा सेलांचा. नवा होता लोह-फॉस्फेटचा, पंधरा सेलांचा; त्यातला प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टला भरतो. पंधरा गुणिले ३.६५ म्हणजे ५४.७५. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. भरलेल्या अवस्थेत दोघांत फरक अवघा ०.१५ व्होल्टचा, मल्टिमीटरलाही ते जुळे वाटतील. स्वभाव मात्र वेगळे. निकेलवाल्याचं व्होल्टेज वापराबरोबर उतारावरच्या रस्त्यासारखं हळूहळू खाली येतं. फॉस्फेटवाला सुरुवातीला थोडा घसरतो आणि मग ४८-४९ च्या आसपास माळरानासारखा सपाट चालतो, अगदी शेवटी कड्यावरून पडतो. दोन्ही एकत्र जुंपले तर पहिले वीसेक किलोमीटर निकेलवाला जवळपास एकटाच ओढणार, तो अर्ध्यावर आला की मग फॉस्फेटवाला ओझं घेणार. भार वाटून घेतल्यानं उष्णता निम्मी होईल हा तरुणाचा हिशेब इथं लागूच पडत नव्हता.

तरुणानं लेबल पुन्हा वाचलं. "दुकानदार म्हणाला अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस."

"आडनाव एक असलं म्हणजे भावकी होत नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी आपला पर्याय पुढं केला: स्टेपनी.

मोटारीच्या जादा चाकाला आपण ज्या नावानं ओळखतो ते नाव वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. १९०४ मध्ये तिथं जादा चाकाचा हा धंदा सुरू झाला. काकांचा रोख त्या चाकाच्या वागणुकीवर होता. स्टेपनी चार चाकांबरोबर फिरत नाही. एक बसलं की ती येते. दुसरी बॅटरी डिक्कीत तशीच बसू दे. पहिली संपली की थांब, कळ फिरव, दुसरीवर चल. एका वेळी एकच पॅक जोडलेला, म्हणजे एकातून दुसऱ्यात काही वाहायची शक्यता नाही, वय वेगळं असो की रसायन.

"आणि ही कळ मी आणलेलीच आहे," असं म्हणत तरुणानं पिशवीतून एक चेंजओव्हर स्विच काढला. घरात लाइट आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये बसवतात तसला, पांढरा, नवा.

काकांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि २४० व्होल्टच्या आकड्यापुढची नागमोडी रेघ दाखवली. एसीची खूण. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पेटलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. तीच ठिणगी ताणली जाऊन टोकं वितळवते, कधी चिकटवून टाकते. ४८ व्होल्ट अंगाला झटका देण्यासाठी फारसे नसतील, पण तांबं वितळवायला पुरतात. डीसीसाठी बनवलेला स्विच घ्यायचा, प्रत्येक पॅकच्या तोंडाशी स्वतंत्र फ्यूज लावायचा आणि चालत्या गाडीत कळ फिरवायची नाही, मोटार बंद करूनच फिरवायची.

तरुणाला हे पटलं, पण त्यानं नुकसानही मोजून दाखवलं. स्टेपनी पद्धतीत चढावर पुन्हा एकाच पॅकवर पूर्ण भार. उष्णता तेवढीच, कांडी पडणं तेवढंच. अंतर दुप्पट मिळेल, पण बॅटरीला विसावा मिळणार नाही. दोन्ही पद्धतींच्या मधला एक मार्गही त्याला ठाऊक होता: प्रत्येक पॅकच्या वाटेवर डायोड बसवायचा, म्हणजे करंट बाहेर येईल पण दुसऱ्या पॅकमध्ये शिरणार नाही. ज्याचं व्होल्टेज जास्त तो आधी ओढेल, बरोबरीला आले की दोघं मिळून. डायोडमध्ये अर्धा व्होल्ट जातो, १६ अँपिअरला आठ वॉट, म्हणून त्याला अॅल्युमिनियमचा पत्रा लागतो. मॉस्फेटवाल्या जोडणीत हा तोटा कमी होतो. ब्रेक दाबताना बॅटरीत परत चार्ज भरणारी गाडी असेल तर ती वाट मात्र बंद होते.

कारखान्यांनी हा प्रश्न केव्हाच हातात घेतला आहे. हीरोच्या विदा व्ही१ मध्ये २०२२ पासून काढता येणाऱ्या दोन बॅटऱ्या आल्या. बंगळुरूच्या सिंपल वननं २०२३ मध्ये एक पक्की आणि एक उचलून नेता येणारी अशा दोन बॅटऱ्यांची ५ किलोवॉट-अवरची स्कूटर बाजारात आणली आणि प्रमाणित चाचणीत २१२ किलोमीटरचं अंतर जाहीर केलं. होंडाच्या अॅक्टिव्हा-ईमध्ये दीड-दीड किलोवॉट-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत, पण त्या घरी चार्जच होत नाहीत. स्टेशनवर जाऊन बदलायच्या. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: दोन्ही पॅक एकाच घरचे असतात, आणि कोणी किती ओढायचं हे त्यांचा बीएमएस आणि कंट्रोलर आपापसांत बोलून ठरवतात. गल्लीतल्या जोडणीत हे बोलणंच नसतं.

"मग बदलूनच घे ना," काका म्हणाले. "दुसरी बॅटरी स्वतःची हवीच कशाला?" युलूच्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यावर रोज दिसतात. बजाज ऑटोच्या चेतक टेक्नॉलॉजी या उपकंपनीनं बनवलेल्या, २५ च्याच वेगाच्या भाड्याच्या गाड्या. बॅटरी संपली की कपाटातून भरलेली घ्यायची. एका मिनिटाचं काम, ना चार्जिंगची झंझट, ना जुनी झाल्यावर टाकायची चिंता.

"भाडं रोज द्यायचं, ऑर्डर मिळो न मिळो," तरुण म्हणाला. "परीक्षेच्या महिन्यात मी पंधरा दिवस गाडी काढत नाही. आणि कपाटात माझी बॅटरी बसत नाही, त्यांची माझ्या डिक्कीत बसत नाही." बॅटऱ्यांची अदलाबदल सोपी व्हावी म्हणून नीती आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये धोरणाचा मसुदा काढला होता. पण एका कंपनीचं कपाट दुसरीच्या गाडीला चालेल, अशी परिस्थिती मुनिरकात तरी नाही. तरुणाचा खरा राग पुढं होता. दिल्लीच्या २०२३ च्या योजनेनुसार मोठ्या डिलिव्हरी कंपन्यांचा ताफा १ एप्रिल २०३० पर्यंत पूर्ण इलेक्ट्रिक व्हायचा आहे. "ताफा कंपनीचा मोजायचा आणि बॅटरी आमच्या खिशातून. गाडी बंद पडली तर ऑर्डर माझी जाते, त्यांची नाही."

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी आणलंही नाही.

कायद्याच्या बाबतीत तरुणानं अभ्यास करून ठेवला होता. सूट मिळणाऱ्या गाडीचं वजन ६० किलोच्या आत हवं, आणि नियमात हे वजन बॅटरी वगळून मोजलेलं आहे. म्हणजे दुसरी बॅटरी ठेवली तरी वजनाची मर्यादा मोडत नाही. काकांनी एवढंच दाखवलं, की पुण्याच्या एआरएआयसारख्या किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्था गाडीला प्रमाणपत्र देतात ते तिच्या स्वतःच्या बॅटरीसकट. बाहेरची जोडणी केली की वॉरंटी हातची जाते, आणि उद्या काही झालं तर कोण कोणाच्या बाजूनं उभं राहील हे सांगता येत नाही.

'काही झालं तर' म्हणताना काकांची नजर जिन्याकडे गेली. चार मजल्यांना मिळून हा एकच जिना. त्याच्या तोंडाशी विजेचे अकरा मीटर, त्याखाली सॉकेट, सॉकेटला लोंबणारे तीन चार्जर.

मार्च २०२२ मध्ये वेल्लूरला रात्री घरात चार्ज होणाऱ्या स्कूटरनं पेट घेतला आणि बाप-लेक गेले. त्याच महिन्यात पुण्यात लोहगावला एक स्कूटर भर रस्त्यात पेटली. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या वीस स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादच्या एका लॉजखालच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर जिन्यानं वर चढला, आठ माणसं दगावली. त्या वर्षानंतर बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं; १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झालं. एक सेल तापला तर आग शेजारच्या सेलांत पसरते का, याची चाचणी त्यात आली. लजपतराय मार्केटच्या निळ्या वेष्टणावर या चाचणीचा शिक्का नव्हता.

आणि जून २०२३ मधलं मुखर्जी नगर तरुणालाही आठवत होतं. तिथं बॅटरीचा संबंध नव्हता. विजेच्या मीटरपाशी लागलेल्या आगीचा धूर कोचिंगच्या वर्गांत शिरला आणि मुलं खिडकीतून दोर आणि केबली धरून उतरली. तो व्हिडिओ लातूरला घरी पोचला तेव्हा आईनं रात्री फोन केला होता.

"चार्ज इथं नाही करणार," तो आपणहून म्हणाला. "पण मग कुठं? खोली तिसऱ्या मजल्यावर. तिथं जीव आणखी वर अडकतो."

काकांचा फ्लॅट तळमजल्याचा, पुढं उघडी बाल्कनी, सिमेंटची फरशी, बाहेर सॉकेट. त्यांनी ती देऊ केली. अट एवढीच: मूळ चार्जर, दिवसा, कोणीतरी घरात जागं असताना.

"युनिटचे पैसे?" तरुणानं विचारलं. गावात घरमालक सबमीटरनं युनिटला नऊ रुपये घेतो. एक पॅक पूर्ण भरायला सव्वा युनिटाहून थोडं जास्त, धरा १.३. महिन्याला ३९. दोन पॅकचे ७८, म्हणजे सातशे रुपये.

"माझ्याकडे २०० युनिटांपर्यंत बिल शून्य येतं," काका म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर मागच्या महिन्याचं बिल उघडलं. १४१ युनिट. वर्तमानपत्राच्या त्याच कडेवर, सत्तावन्न अँपिअरच्या खाली, दोघांनी मिळून बेरीज केली. १४१ आणि ३९ म्हणजे १८०. आणखी ३९ म्हणजे २१९.

"एक बसते," काका म्हणाले. "दुसरीनं बिल सुरू होतं."

तरुणानं निळा पॅक वर्तमानपत्रात गुंडाळला. तो आता बाजारात परत जाणार होता; त्याच्या जागी गाडीतल्यासारखाच, तेरा सेलांचा, शिक्क्याचा पॅक आणायचा, आणि तो परवडला तर जोडायचाही, बैलजोडीसारखाच. त्यावर त्याचं मत बदललं नव्हतं. काकांनी एसीचा स्विच खिशात टाकला, बदलून डीसीचा आणतो म्हणाले, आणि पायरीवरची दुधाची पिशवी उचलली. तिच्याखाली पाण्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं.

"मल्टिमीटर आहे ना तुझ्याकडे?" जाता जाता त्यांनी विचारलं.

"आहे. पण त्याचीच बॅटरी गेलीय."

"ती नऊ व्होल्टची असते," काका म्हणाले. "रामा मार्केटला मिळेल. तीही नवीच घे."